शिपायाचा रोजमुरा : जर्मन लान्ड्सक्नेख्टपासून असईच्या पोलमनपर्यंत

मागच्या व्याख्यानात मॅकियाव्हेलीवर बोलून झालं आणि चहाच्या वेळी एका तरुण श्रोत्यानं आम्हाला अडवलं. म्हणाला, "सर, भाडोत्री सैनिक पैशासाठी लढतो. म्हणजे त्याला निष्ठा नसतेच ना?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करू, आणि त्यासाठी ग्रंथ जरा बाजूला ठेवून शिपायाच्या तंबूत डोकावू. तो जेवतो काय, पैसे कोण देतं, कधी देतं, बायकापोरं कुठं असतात, जखमी झाला तर पुढं काय. निष्ठेचा प्रश्न आपल्याला तिथंच सापडेल असं वाटतं.

आता कुणी म्हणेल, मुकुंदवाडीत बसून पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन शिपायाचं काय करायचंय? तर इथून दोन-अडीच तासांवर, भोकरदनच्या पलीकडे, असई नावाचं छोटं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीसमोर उभ्या राहिल्या. त्या पलटणींचा म्होरक्या होता अँथनी पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा माणूस. कंपनीच्या चाकरीत आलेल्या हॅनोव्हरच्या पलटणीत तो सार्जंट होता, तिथून निघाला आणि शिंद्यांकडे आला. म्हणजे जर्मन भाडोत्री सैनिक आपल्या शेजारच्या जिल्ह्यात लढून गेलेला आहे. त्याच्यापर्यंत आपण येऊच, पण आधी त्याच्या पूर्वजांकडे जाऊ.

त्यांना म्हणत लान्ड्सक्नेख्ट. हॅब्सबर्ग घराण्याचा मॅक्सिमिलियन, जो पुढं सम्राट झाला, त्यानं १४८६-८७ च्या सुमारास हे पायदळ उभं केलं. नमुना होता स्विस भालेकऱ्यांचा. चार-पाच मीटर लांबीचा भाला, दाट रांगा, ढोलाच्या ठेक्यावर चाल. हा मॅक्सिमिलियन नोकऱ्या कायमच्या देत नव्हता. लढाई आली की एखाद्या नामांकित कर्नलला ठेका द्यायचा, कर्नल कॅप्टन नेमणार, कॅप्टन गावोगाव ढोल वाजवून माणसं गोळा करणार. आपल्याकडे ऊसतोड मुकादम जशी टोळी बांधतो, साधारण तसंच. फरक इतकाच की उचल देऊन बांधून घेण्याऐवजी इथं हजेरी घेऊन पगार सुरू होई. भरतीच्या दिवशी जमिनीत दोन परशू रोवून त्यावर भाला आडवा टाकत आणि त्या कमानीखालून एकेका माणसाला चालत जायला लावत. लंगडा आहे का, हत्यार स्वतःचं आहे का, की शेजाऱ्याचं उसनं आणलंय, हे सगळं तिथं तपासलं जाई. मग नियमांचा मसुदा मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि सगळ्यांनी त्यावर शपथ घ्यायची. त्या मसुद्यात शिपायानं काय करायचं हे असे, तसंच पगार किती आणि कधी मिळणार हेही असे. म्हणजे हा करार होता, दोन्ही बाजूंना बांधणारा.

पगार महिन्याला चार गुल्डन. चिलखत, अनुभव आणि पुढच्या रांगेत उभं राहायची तयारी असेल त्याला दुप्पट. सुरुवातीला ही रक्कम बरी होती, कसबी कारागिराच्या मिळकतीशी तुलना करता येईल अशी. पण जेवण, कपडे, हत्यार, सगळं त्यातूनच. सरकारी भटारखाना नव्हता. फौजेबरोबर व्यापाऱ्यांचा बाजार चाले, तिथून पाव, मांस, वाइन विकत घ्यायची, आणि भाव ठरवायला प्रोव्होस्ट नावाचा अधिकारी असे. पुढं शतकभर युरोपात महागाई चढत गेली आणि चार गुल्डन चारच राहिले. आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांचे कपडे तुम्ही चित्रांत पाहिले असतील. बाह्या आणि विजारी फाडून आतलं रंगीत कापड बाहेर काढलेलं, टोपीला शहामृगाची पिसं. सामान्य माणसानं कुठला पोशाख करावा याचे कायदे होते, पण यांना त्यातून सूट होती. मॅक्सिमिलियन म्हणाला, असं सांगतात, की यांचं आयुष्य आधीच थोडं आणि हालाचं, तेवढी हौस तरी करू द्या.

आणि फौजेच्या मागं दुसरी फौज. बायका, मुलं, मोलकरी पोरं, फेरीवाले, न्हावी-वैद्य. कधी कधी हा लवाजमा लढणाऱ्यांइतकाच मोठा होई. त्याच्यावर स्वतंत्र अधिकारी असे. त्याच्या पदाचं नाव फारसं सभ्य नाही, ते सोडून देऊ. पण या बायका नेमकं काय करत? स्वयंपाक, धुणं, जखमींची शुश्रूषा, पाठीवर भांडीकुंडी वाहणं, खंदक खणायला मदत, छावणीची घाण काढणं. त्यांच्याशिवाय फौज आठ दिवस टिकली नसती.

याचा आतून लिहिलेला वृत्तान्त आपल्याला शंभर वर्षांनंतरचा मिळतो. पेटर हागेनडॉर्फ नावाच्या साध्या शिपायानं तीस वर्षांच्या युद्धात रोजनिशी ठेवली होती. ती बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली आणि १९९३ मध्ये छापली गेली. पंचवीस वर्षं हा माणूस युरोपभर पायी चालतोय. मुलं जन्मतात, मरतात, एका ओळीत नोंद, पुढं चालणं. मध्ये पकडला जातो, शत्रूच्या पलटणीत चाकरी करतो, पुन्हा पहिल्या पलटणीत येतो, आणि यात त्याला लिहिण्यासारखं काही विशेष वाटत नाही. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर लुटलं गेलं तेव्हा तो जखमी होऊन पडला होता. त्याची बायको जळत्या शहरात शिरली आणि जखमी नवऱ्यासाठी अंथरूण आणि वाइन घेऊन आली. तिचं शौर्य खरं, आणि ते अंथरूण कुणाच्या घरातून आलं हाही प्रश्न खराच. या विषयात अशा दोन गोष्टी नेहमी एकत्रच भेटतात.

आता आपल्याकडे येऊ. लान्ड्सक्नेख्ट स्वतःचं हत्यार आणतो, त्याला आपल्याकडचा जवळचा शब्द शिलेदार. घोडा आणि हत्यार त्याचं, चाकरी राजाची. ज्याला घोडा सरकार देतं तो बारगीर. शिवाजी महाराजांचा ओढा बारगिरांकडे होता आणि रोख वेतनाकडे होता, याचं कारण उघड आहे. घोडा ज्याचा, शिपाई त्याचा. सभासद बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय राज्याच्या हिशेबात धरली आहे, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत असाही दंडक होता. पावसाळ्यात फौज छावणीला परत, दसऱ्याला पुन्हा बाहेर.

हा पावसाळा महत्त्वाचा. जर्मन शिपायाची हजेरी मोसम संपला की बंद होई आणि तो रस्त्यावर येई. अशांच्या टोळ्या भीक मागत, कोंबड्या चोरत खेड्यांतून फिरत, शेतकरी त्यांना प्लेगइतके भीत. आपल्याकडच्या कुणबी शिपायाला निदान परत जायला वावर होतं. मृग लागला की औत, दसरा झाला की भाला. तो निम्मा शिपाई होता म्हणून पूर्ण भाडोत्री झाला नाही.

अठराव्या शतकात हे बदललं, आणि त्या बदलाची एक सुरुवात आपल्याच शहरात झाली. १७५१ मध्ये फ्रेंच सेनानी बुसी सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला. बंदुका घेऊन एका तालावर चालणारं, गोळीबारासमोर रांग न मोडणारं पायदळ दख्खननं तेव्हा जवळून पाहिलं. त्यांना गारदी म्हणू लागले. मूळ शब्द फ्रेंच, 'गार्द', म्हणजे पहारा. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान पुढं मराठ्यांच्या चाकरीत आला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्याचे गारदी रोहिल्यांवर तुटून पडले आणि त्यातले बहुतेक जण तिथंच मेले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. पगारी माणूस, तरी मेला. त्याच मैदानात बाजारबुणगे हजारोंच्या संख्येनं अडकले होते. महाराजांच्या वेळचा दंडक तोवर कागदावर राहिला होता.

आणि बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, हेच गारदी पगाराच्या थकबाकीचा गलका करत शनिवारवाड्यात शिरले आणि त्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. कट वरच्यांचा होता, थकबाकी हे निमित्त. पण हेच निमित्त का चाललं? थकबाकीसाठी शिपायांनी धन्याच्या दारात आरडाओरडा करणं इतकं रोजचं होतं की पहारेकऱ्यांना त्यात वावगं वाटलं नसावं, असं आम्हाला वाटतं. आज मराठीत गारदी म्हटलं की सुमेरसिंग आठवतो, इब्राहिमखान आठवत नाही. भाषेनं जरा अन्यायच केला आहे.

थकबाकीचा हा विषय आपण घाईत सोडायचा नाही, कारण भाडोत्री शिपायाच्या दिवसाचा केंद्रबिंदू तोच. लढाई वर्षातून एखादी, पण पगाराची वाट रोजची. पगार थकला की शिपाई काय करी? आपल्याकडे धरणं धरत. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतरावांच्या लष्कराबरोबर फिरत होता, त्याच्या पत्रांत हे तपशिलानं आहे. देणेकऱ्याच्या दारात बसायचं, आपण जेवायचं नाही आणि त्यालाही जेवू द्यायचं नाही. विलक्षण रीत आहे. शिपायाच्या हातात तलवार आहे आणि तो उपास करतोय! आज जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मांडव घालून बसणारे लोक पाहिले की आम्हाला हे लष्कर आठवतं. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत एका महाविद्यालयात पगार चार-चार महिने लांबत असे. धरणं धरायचं धाडस आम्हाला झालं नाही. पण किराणा दुकानदार वही मिटून नजर वर करतो तेव्हा माणूस आपल्या संस्थेबद्दल काय विचार करतो, ते आम्हाला माहीत आहे.

जर्मन शिपाई उपासाला बसत नसे. तो शपथेचा मसुदा पुढं करी, वर्तुळ करून सभा भरवी, आपले प्रतिनिधी निवडी आणि कर्नलकडे पाठवी. १५२७ च्या मार्चमध्ये बोलोन्याजवळ असंच झालं. कर्नल होता गेओर्ग फ्रुंड्सबर्ग, शिपाई त्याला बाप मानत. पैसा नव्हता. तो समजूत घालायला उभा राहिला, त्याची पोरं त्याच्याच अंगावर भाले रोखून 'पैसा, पैसा' ओरडू लागली आणि म्हातारा जागीच झटका येऊन कोसळला. पुढच्या वर्षी वारला. फौज मात्र बिनपगारी पुढं चालत राहिली आणि ६ मे रोजी तिनं रोम लुटलं.

आपलं रोम पुणे. १७९८ चं पुणे. दुसऱ्या बाजीरावानं गादीसाठी दौलतरावांना मोठी रक्कम कबूल केली होती आणि ती देता येईना. मग शहरातून वसूल करा म्हणून मुभा मिळाली आणि दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे वसुलीला निघाले. सावकार, जुने कारभारी यांना पकडून मारहाण, कुणाला तापलेल्या तोफेला बांधणं, यात माणसं मेली. हे परक्या शत्रूनं केलेलं नाही. फौजेचा पगार द्यायचा होता म्हणून राज्यानंच आपली राजधानी पिळली. रोमची लूट सगळं जग सांगतं, पुण्याची आपण सांगत नाही.

याच शिंद्यांच्या घराण्यात एका माणसानं हा प्रश्न काही वर्षं आधीच ओळखला होता. बनुआ द ब्वाइन्य, आपल्या कागदांतला डिबॉइन. आल्प्सच्या कुशीतल्या साव्हॉयचा, १७८४ मध्ये महादजींकडे आला. त्यानं उभ्या केलेल्या पलटणींना कंपू म्हणत. मूळ शब्द 'कँप', आणि आज आपण राजकारणात जो कंपू म्हणतो तो हाच. डिबॉइनची अट एकच होती. पगार वेळेवर. त्यासाठी दुआबातला मुलूख जायदाद म्हणून त्याच्याकडे लावून दिला गेला, म्हणजे वसुली थेट फौजेकडे. साध्या शिपायाला महिना साडेपाच रुपयांच्या आसपास, युरोपियन एन्साइनला १५०, कर्नलला ३०००. कर्नल आणि शिपाई यांच्यात पाचशेपट अंतर. ते कुणाला खटकत होतं अशी नोंद नाही. पण जखमी शिपायाला जखमेच्या मानानं पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतचा पगार बक्षीस मिळे, उपचाराच्या काळात वेतन कापलं जात नसे, आणि कायमचा अपंग झाला तर अर्ध्या पगाराचं निवृत्तिवेतन. अठराव्या शतकात! आमच्या मते डिबॉइनचं खरं शस्त्र तोफा नव्हत्याच, ही पगाराची वही होती. १७९५ च्या अखेरीस तो निघून गेला आणि शांबेरी या आपल्या गावी १८३० मध्ये वारला. तिथं त्याच्या स्मारकाच्या कारंज्यावर चार हत्ती आहेत.

आता असई. डिबॉइनच्या या पलटणींतले शिपाई बहुतेक पुरबिये, अवध आणि दुआबातले. भोकरदनच्या काळ्या मातीशी त्यांचं नातं नव्हतं, मराठी त्यांना येत नव्हती. त्यांचा जर्मन म्होरक्या पोलमन हत्तीवरून फिरे आणि त्याच्यामागं जांभळ्या पोशाखातले मोगल स्वार रांगेनं चालत, असं वर्णन आहे. शेजारी बेगम समरूच्या पलटणी. ही बेगम मेरठजवळच्या सरधन्याची, तिचा दिवंगत धनी वाल्टर राइनहार्टही जर्मन बोलणाऱ्या मुलखातला. तिसरा भाग ड्यूपाँ या डच माणसाचा.

लढाईच्या आधी ऑगस्टअखेर इंग्रजांनी जाहीरनामा काढला होता. शिंद्यांची चाकरी सोडून याल तर तितकाच पगार आम्ही देऊ. ब्रिटिश वंशाचे बरेच अधिकारी निघून गेले. ज्यांना महिना शेकडो-हजारो मिळत होते ते गेले, हे ध्यानात ठेवा.

२३ तारखेला वेलस्ली केळणा नदी ओलांडून बाजूनं आला. त्याला वाटलं होतं, या फौजेला तोंड फिरवता येणार नाही. पोलमनच्या पलटणींनी शत्रूच्या डोळ्यांदेखत सगळी रांग काटकोनात फिरवली, आणि त्यांच्या तोफांनी इंग्रजांची फळीच्या फळी झोपवली. इंग्रजांकडचे सुमारे ४२८ मेले आणि ११०० वर जखमी झाले, आणि तेही साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या सैन्यातून. नागपूरकर भोसले आणि पाठोपाठ शिंदे मैदान सोडून गेले होते. घोडदळ दूर उभं राहिलं. पायदळ मात्र लढत राहिलं. इंग्रजांच्या वृत्तान्तांत असं आहे की गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले, इंग्रज पुढं गेल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून पाठीमागून मारू लागले. अशी संधी पळणाऱ्याला पळायला मिळते. हे पळाले नाहीत. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या, आणि बऱ्याच तोफांभोवती त्यांचे गोलंदाज पडलेले होते.

तर आता त्या तरुण मित्राचा प्रश्न. मॅकियाव्हेली १५१३ मध्ये लिहितो त्याचा आशय असा की थोडासा पगार माणसाला तुमच्यासाठी मरायला पुरेसा नसतो. (त्यानं स्वतः उभी केलेली फ्लोरेन्सची स्वदेशी फौज आदल्या वर्षी प्रातो इथं पळाली होती, हे तो तितक्या ठसक्यात सांगत नाही.) कौटिल्य जास्त शांत डोक्याचा. सैन्याच्या प्रकारांत तो पिढीजात मौल बलाला पहिलं स्थान देतो, पण पगारी भृत बलाला लगेच दुसरं, कारण ते हाताशी असतं आणि चटकन उठतं. भृताला तो शिवी देत नाही. वेतन वेळेवर मिळावं याची काळजी मात्र करतो.

आम्हाला वाटतं, 'पैशासाठी' या शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पैसा माणसाला छावणीत आणतो. गोळी सुटल्यावर तो उभा राहतो तो शेजारच्यासाठी, पलटणीच्या नावासाठी, आपल्या कसबासाठी. गोलंदाज आपली तोफ सोडत नाही यात धन्याचा संबंध फार थोडा. पण ही दुसरी गोष्ट पहिल्याशिवाय उभी राहत नाही. आपली भाषाच बघा. निष्ठेला आपण म्हणतो खाल्ल्या मिठाला जागणं. आधी खाल्लेलं असावं लागतं! युरोपातही 'सोल्जर' हा शब्द सॉलिडस या नाण्यावरून आलेला आहे. पगार थकवून निष्ठेची अपेक्षा करणारा धनी करार आधीच मोडून बसलेला असतो, आणि तरी बेइमान म्हणून नाव शिपायाचंच लागतं.

याचा अर्थ हे सगळे गुणी होते असा करू नका. माग्डेबुर्गच्या त्या घरातल्या माणसाला, पुण्याच्या तोफेला बांधलेल्या कारकुनाला आपला हा युक्तिवाद ऐकवून पाहा. थकलेला पगार शेवटी ज्याच्या हाती हत्यार नाही त्याच्याकडूनच वसूल होतो.

मागून एक प्रश्न आलाय, पुढं या शिपायांचं काय झालं? पोलमन असईनंतर कंपनीच्याच चाकरीत गेला. बेगम समरूनं इंग्रजांशी तह केला आणि १८३६ मध्ये मरेपर्यंत सरधना राखलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा चाकरीतले अरब मालेगावच्या किल्ल्यात अडून बसले आणि जूनपर्यंत इंग्रजांशी लढले. तोवर ज्याच्यासाठी लढायचं तो पेशवा पुण्यात नव्हता, पगार देणारंही कुणी उरलं नव्हतं. असईच्या पुरबियांपैकी जे वाचले ते नदी ओलांडून उत्तरेकडे गेले, काही पुढच्या लढायांत दिसतात. रोजमुरा किती महिन्यांचा थकला होता आणि तो कुणी चुकता केला, हे विचारायला कुणी गेलं नाही.